कंबरेवरचा लाल दिवा

गोदामातली धूळ आणि गोदामातले किस्से, दोन्ही झाडून संपत नाहीत. सकाळी झाडावं, दुपारी परत थर. कोळारचं गोदाम सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी चहाच्या हॉटेलात बसलो की कुणीतरी म्हणतंच, "अप्पा, त्या पट्ट्याचं सांगा की!" मग सांगावं लागतं. मी फार बोलणारा माणूस नाही. शाळा चौथीत सुटली. सांगतो ते थोडक्यात सांगतो, आणि तिखटमीठ लावत नाही.

आधी एवढं समजून घ्या. बिदरच्या बाहेर, कोळारच्या इंडस्ट्रियल एरियात तूरडाळीचं मोठं गोदाम होतं. लॉरीतून पोती उतरवायची, थप्पी लावायची, परत लॉरीत भरायची. हे काम आमच्या हमालांच्या टोळीचं, आणि मी टोळीचा मुकादम. मंठाळचा हणमंत, संतपूरचा मिलिंद, बिदरचा खाजामियाँ, आणि असेच आणखी काही. आमच्या बरोबरीची पोरं पुण्याला, हैदराबादला पळाली होती. आम्ही घर सोडलं नाही, कारण गोदाम होतं.

मग कंपनीनं गुलबर्ग्याच्या गोदामात मशीन बसवलं. लोखंडाचा एकच हात. पोतं उचलतो, थप्पीवर ठेवतो. बिडी मागत नाही, दिवाळी मागत नाही. तिथली निम्मी टोळी घरी गेली.

आमचे मॅनेजर शिवराज साहेब. माणूस कानडी, पण मराठी आमच्यासारखीच बोलायचे. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"अप्पा, बेंगळुरूवरनं एक पट्टा यायलाय. अंगात घालून काम करायचं. शिमग्यापर्यंत तुमच्या टोळीनं मशीनइतकं काम काढलं, तर मी वर सांगतो, बिदरला मशीन नको. न्हाई काढलं, तर माझ्या हातात काय न्हाई."

"पट्टा घातल्यावर माणूस मशीन होतंय का?"

"मशीनबरोबर टिकतंय म्हणे."

म्हणे! त्या दिवसापासून हा शब्द ऐकला की मी पैशाच्या खिशावर हात ठेवतो.

* * *

पट्टा घेऊन आला किरण नावाचा इंजिनिअर. मूळचा बेळगावकडचा, म्हणून मराठी यायची, पण शहरातली. गोरा, नीटनेटका, सारखा हसणारा.

पट्टा कंबरेला रुंद. त्याला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत जाड इलास्टिकच्या दोन पट्ट्या. वाकलं की त्या ताणायच्या, उठताना माणसाला वर ओढायच्या. मनगटाला एक कडं, त्याला काचेचा डोळा. पोत्यावरच्या चिठ्ठीसमोर डोळा धरला की बीप! आणि पाठीवर, कंबरेपाशी, काडेपेटीएवढा डबा. डब्यावर लाल दिवा.

खोटं कशाला बोलू? पोतं हलकं लागायचं. पोरं खूश झाली. मला तेच खटकलं. फुकटात कुणी कुणाचं ओझं हलकं करत नाही.

मी विचारलं, "डबा कशाला?"

"काही नाही अप्पा. बॅटरी आहे."

"आन् लाल दिवा?"

"चालू आहे हे कळायला."

"कुणाला?"

किरण हसला. मग हणमंतचा पट्टा आवळायला लागला.  पण त्या दिवशी मी पट्टा घातला नाही. म्हणालो, "मी मुकादम हाय. मला नको."

* * *

आता माझ्या हाताचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोतं उचलायच्या आधी मी त्याच्यावर दोन थापा मारतो. मग एक श्वास थांबतो. मग उचलतो. बिदरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या बापानं हे शिकवलं. पोत्याखाली विंचू असतो. थापेनं तो हलतो, आणि हलला की दिसतो. श्वासभर थांबायचं ते त्याच्यासाठी.

टोळीलाही मी लावून दिलं होतं. पण ज्याचा त्याचा हात वेगळा. हणमंत पोत्याला लाथ घालायचा. खाजामियाँ एकच चापट मारून "या अल्ला" म्हणायचा. मिलिंद पोतं जरा हलवून बघायचा. दोन थापा आणि एक श्वास, हा हात माझा एकट्याचा. डोळे मिटून ऐकलं तरी गोदामात कुणीही सांगेल, अप्पा उचलायलेत.

किरणनं हे बघितलं आणि म्हणाला, "अप्पा, ह्यात वेळ जातो. गुलबर्ग्याचं मशीन थाप मारत नाही."

"गुलबर्ग्याच्या मशीनला इंचू चावत न्हाई."

"पण एवढ्या वेळात अर्धं पोतं पुढे जाईल. ही सवय सोडायला हवी."

"माझ्या बापाची रीत हाय. सोडू का म्हणून त्याला इचारून या."

"कुठे असतात ते?"

मी वर बोट केलं. बिचारा गोदामाच्या पत्र्याकडं बघत राहिला!

* * *

त्या पट्ट्याला एक शिस्त होती. गुडघे न वाकवता नुसती कंबर वाकवली की तो कळवळून ओरडायचा. ट्यँव ट्यँव! गुडघ्यात बसून उठलं की गप्प. किरण म्हणायचा, कंबर वाचते.

एकदा हेडऑफिसचे मोठे साहेब गोदाम बघायला आले. सगळे रांगेत उभे. हणमंत मोठ्यांच्या पाया पडणारा माणूस. त्याच्या घरात रीतच ती. साहेब पुढं आले तसा तो पटकन वाकला.

ट्यँव!

साहेब दचकून मागं सरकले. हणमंतला वाटलं आपलं चुकलं, म्हणून परत वाकला.

ट्यँव ट्यँव!

शिवराज साहेबांचा चेहरा पांढरा.  हणमंत कमरेत अर्धा वाकलेला, धड खाली नाही, धड वर नाही. तसाच मान वर करून म्हणाला,

"साहेब, मी पाया पडायलोय. पण हे नको म्हणायलंय!"

मोठे साहेब हसले. शिवराज साहेब हसले. मी नाही हसलो. माणसानं कुणापुढं वाकायचं, हे आता पट्टा ठरवणार?

* * *

लाल दिव्याबद्दल संशय मला एकट्यालाच होता असं नाही. खाजामियाँ एक दिवस जेवताना हळूच म्हणाला, "मुकादम, ये डब्बा सुनरा."

"काय ऐकणार? तू भाकरी चावायलास ते?"

"हसू नक्को. सब सुनरा."

हणमंत म्हणाला, "मग मी काल साहेबाला शिव्या दिल्या, त्याचं काय?"

"तेरा तू देख. मैं तो अच्छाइच बोलूंगा."

दुसऱ्या दिवसापासून खाजामियाँनं सुरू केलं. पोतं उचलताना मोठ्यानं म्हणायचा, "शिवराज साब बहुत नेक आदमी!" ठेवताना म्हणायचा, "अल्ला उनको लंबी उमर दे!" हणमंतच्या पोटात भीती होतीच. त्यानंही सुरू केलं, "साहेब म्हणजे देवमाणूस!" बघता बघता सगळ्या टोळीला लागण झाली. एक मिलिंद तेवढा गप्प राहिला. म्हणाला, "मी खोटं न्हाई बोलणार. खरं बी न्हाई बोलणार. मी बोलणारच न्हाई."

आठवडा गेला. शिवराज साहेबांनी मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं.

"अप्पा, खरं सांगा. टोळीत काय शिजायलंय?"

"कामून साहेब?"

"जो तो माझी तारीफ करायलाय! मागं एकदा अशीच तारीफ झाली होती, आन् दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लावून बसला होता समदे. संप करणार हाव का?"

मी बाहेर येऊन टोळीला हे सांगितलं. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. खाजामियाँचे डोळे विस्फारले. पाठीवरच्या डब्याकडं बोट करून तो म्हणाला,

"देखो! हम तो इसको बोलरै थे. साब तक कैसे पहुँची बात?"

* * *

पुढं किरणनं गोदामाच्या भिंतीवर टीव्ही लावला. त्यात प्रत्येकाचं नाव, आणि नावापुढं हिरवी रेघ. अंगातला पट्टा जेवढा हलेल तेवढी रेघ लांब. बसलं की रेघ आखूड. रेघ आखूड झाली की शिवराज साहेबांचा फोन, "अप्पा, हणमंत बसलाय का?"

माणूस आहे. बिडी ओढायला बसणारच! पण आता बसायची सोय राहिली नाही. शेवटी हणमंतनंच तोड काढली. गोदामामागं कडुलिंबाचं झाड होतं. बिडी पेटवायची आणि झाडाभोवती चालायचं. रेघ हलती, बिडीही चालती. दुपारच्या चहाला सगळी टोळी एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बिडी घेऊन लिंबाला फेऱ्या मारायची. कुणी बोलायचं नाही. बोलायला लागलं की पाय थांबतात.

कुंपणापलीकडून पायवाट जायची. तिथून एक म्हातारी रोज डोक्यावर गवत घेऊन जायची. चार-दोन दिवस तिनं बघितलं. मग एके दिवशी भारा खाली ठेवला, चपला काढल्या, कुंपणातून आत आली, पदर डोक्यावर घेतला आणि आमच्या मागं फेऱ्या मारायला लागली!

फेऱ्या झाल्यावर तिनं हणमंतला विचारलं, "तम्मा, ह्यो देव कोणचा?"

हणमंत पाय न थांबवता म्हणाला, "अक्का, लई जागृत हाय. बसू देत न्हाई!"

पंधरवड्यात लिंबाच्या बुंध्याला शेंदूर लागला. कुणी लावला माहीत नाही. शिवराज साहेब सकाळी गाडीतून उतरले की तिकडं बघून हात जोडायला लागले. त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, तसा हमालाचा आकडा. आदल्या वर्षापर्यंत आम्ही पोत्यात रुतवायचे लोखंडी आकडे मांडायचो. त्या वर्षी पोरं म्हणाली, "अप्पा, आता पोट पट्ट्यावर हाय. पट्टाच मांडू."

मला पटलं नाही. पण ज्यावर पोट त्याची पूजा, ह्याला नाही कसं म्हणणार? सगळे पट्टे आणि कडी पाटावर मांडली. हळद, कुंकू, फूल. नारळ फोडायचा मान खाजामियाँचा. हे कधी ठरलं कुणालाच आठवत नाही, पण त्याच्या बापाच्या वेळेपासून आहे.

मिलिंदचं घर बौद्ध. त्यानं आधीच सांगितलं होतं, "अप्पा, माझ्या पट्ट्याला काय लावू नका." आम्ही लावलं नाही. त्याचा पट्टा खुंटीवर तसाच राहिला. ह्यात भांडण काही नव्हतं. तो त्याच्या कार्यक्रमाला गेला, आम्ही प्रसाद खाऊन घरी गेलो.

दसरा झाला. कामाला आलो. फाटकात लॉऱ्या उभ्या. पहिलं पोतं, कडं समोर धरलं. बीप नाही. दुसरं. बीप नाही. कुणाचंच कडं बोलेना! पूजेत हौसेनं काचेच्या डोळ्यातच कुंकू भरलं होतं. वरून हळदीचं पाणी. वाळून दगड! बीप झाल्याशिवाय पोतं बाहेर सोडायचं नाही, असा नियम.

एकट्या मिलिंदचं कडं चालू.

मग काय विचारता! "मिलिंद, हिकडं!" "मिलिंद, माझ्या पोत्याला!" "मिलिंदभाई, जरा इधर बी!" दिवसभर तो पोरगा गोदामाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात पुढं धरून पळत होता. संध्याकाळी टीव्हीवर त्याची रेघ भिंतीला टेकायची बाकी. बेंगळुरूहून किरणचा फोन. एकच माणूस एवढा कसा हलला, आणि बाकीच्यांचं एकही पोतं कसं गेलं नाही?

शिवराज साहेबांनी फोन मिलिंदच्या हातात दिला. मिलिंद दमून पोत्यावर बसलेला. म्हणाला,

"सर, पूजेला माझी हरकत न्हाई. पण डोळ्यात कुंकू कुणी घालतंय का?"

* * *

पौष आला. नवी तूर यायला लागली, लॉऱ्यांची रांग वाढली. गुलबर्ग्याचं मशीन किती काढायलंय आणि आम्ही किती, हे शिवराज साहेब रोज सकाळी सांगायचे. आम्ही मागं होतो. फार नाही, पण मागं. पोरांच्या तोंडचं हसू कमी झालं. हणमंतच्या दोन पोरी शाळेत होत्या, आणि बायको रोज एकच विचारायची, "मशीन येणार का?"

एक दिवस हणमंत म्हणाला, "अप्पा, मी आजपासनं लाथ घालणार न्हाई. तेवढाच येळ वाचंल."

मी म्हणालो, "नको."

"किरणसाहेब म्हणले ते खरं हाय. मशीन थाप मारत न्हाई."

"हणम्या, मी सांगायलोय."

"अप्पा, तुमचं वय झालं. आमाला अजून पोरींची लग्नं करायची हाईत."

मी पुढच्या पोत्याकडं वळलो आणि दोन थापा मारल्या. 

लाथेशिवाय दुपारपर्यंत त्यानं भराभर पोती काढली. आणि मग व्हायचं तेच झालं. पोत्याखाली हात घातला आणि विंचवानं बोटाला नांगी मारली. हणमंत असा उडाला! हात झटकत, बोंबलत, ह्या थप्पीवरून त्या थप्पीवर. आम्ही त्याला धरेपर्यंत त्यानं गोदामाला वळसा घातला होता. मिलिंदनं बोट धुतलं आणि मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं.

आम्ही सगळे दारात उभे. खाजामियाँनं सहज भिंतीकडं बघितलं आणि मला कोपरानं डिवचलं. टीव्हीवर हणमंतची रेघ सगळ्यांत लांब झाली होती. पुढं एक हसरं तोंड आलं होतं, आणि खाली हिरव्या अक्षरात लिहिलं होतं,

"शाब्बास! असेच काम करत राहा."

* * *

हणमंत घरी. टोळीत माणूस कमी. शिमगा तोंडावर. आता काय करायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी किरणला म्हणालो, "पट्टा आण."

त्यानं बॅगेतून काढला. घातला तर अंगावर शिवल्यासारखा बसला. माझी छाती रुंद, पाय आखूड. दुकानातला सदरा मला कधी बसत नाही.

"हा कुणाच्या मापाचा?"

"तुमच्याच, अप्पा. पहिल्या दिवसापासून बॅगेत होता."

"माझं माप तुला कुणी दिलं?"

तो हसला. मग म्हणाला, "अप्पा, एक सांगू? तुम्ही थापा मारा. बिनधास्त मारा. तुमचा हात सोडू नका."

श्रावणात थाप नको म्हणणारा माणूस माघात मारा म्हणतो! मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तोंड साफ होतं. मला साफ तोंडाचा जास्त संशय येतो.

पण काम पुढं होतं. मी दिवसभर टोळीच्या बरोबरीनं उचलायला लागलो. दोन थापा, एक श्वास, उचल. मला बघून पोरं परत आपापल्या चापटीवर आणि लाथेवर आली. बोट बांधलेला हणमंतही आला. माझ्याकडं न बघता त्यानं पोत्याला पहिली लाथ घातली. अशी घातली की पोतं फाटायचं! मी म्हणालो, "हळू. पोतं कंपनीचं हाय." तो हसला. तेवढ्यात आमचं मिटलं.

किरण मात्र इतरांकडं बघेना. जिथं मी, तिथं तो, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. खाजामियाँ म्हणाला, "मुकादम, ये तुम्हारा फोटू निकालरा क्या?"

"काढू दे. तोंड काय न्यायचंय त्याला माझं?"

शिमग्याच्या आदल्या दिवशी शिवराज साहेब ऑफिसातून धावत बाहेर आले. "अप्पा! बरोबरी झाली! गुलबर्गा आन् बिदर सारखं!"

पोरांनी मला उचललं. मी ओरडलो, खाली ठेवा म्हणून. त्यांनी ठेवलं नाही.

* * *

शिमग्यानंतर किरणनं सगळे पट्टे गोळा केले आणि एका पेटीत भरले.

"कुठं चालले?" मी विचारलं.

"बेंगळुरूला. रिपेअरला."

"समदेच बिघडले?"

"हो."

"एकाच दिवशी?"

त्यानं माझा हात हातात घेतला. नुसता मिळवला नाही. उलटा करून तळवा बघितला. ज्योतिषी बघतो तसा. मग म्हणाला, "अप्पा, तुमच्यासारखा हात मी बघितला नाही." आणि गेला.

घरी जाऊन मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "गाय इकत घेणारा बी आदी पाठीवरनं हात फिरवतोय."

* * *

पाडवा झाला आणि गोदामात लाकडी खोका आला. एवढा मोठा, की फाटकाचं एक दार काढावं लागलं.

मी शिवराज साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान खाली घातली. "अप्पा, मी वर सांगितलं होतं. बरोबरी झाली म्हणून सांगितलं होतं. ते म्हणले, बरोबरी झाली तर मग आता बसवायला हरकत न्हाई."

मला ह्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. आजही लागत नाही.

"टोळीचं काय?"

"निम्मे ऱ्हातील. कोण ऱ्हायचं ते तुमी ठरवा."

"मी ठरवणार न्हाई. ऱ्हायलो तर समदे, गेलो तर समदे."

"आधी बघा तरी अप्पा. काम कसं करतंय ते बघून मग बोलू."

मशीन चालू करायच्या दिवशी सगळे आले. रांगेत उभे राहिले. मिलिंद हाताची घडी घालून. खाजामियाँ ओठात काहीतरी म्हणत. हणमंत धुतलेला सदरा घालून आला होता, कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा. मी सगळ्यांच्या पुढं. किरण कॉम्प्युटर घेऊन मशीनच्या बाजूला बसला होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

एक पोतं मशीनसमोर ठेवलं. किरणनं बटण दाबलं.

हात वर गेला. फिरला. सावकाश खाली आला आणि पोत्याच्या बरोबर वर येऊन थांबला. आता उचलणार, असं वाटलं.

उचललं नाही. लोखंडाच्या पंजानं पोत्यावर थाप मारली.

परत एक मारली.

मग थांबला. एक श्वास.

मग पोतं उचललं आणि थप्पीवर ठेवलं. सरळ. कोपरा कोपऱ्याला लावून.

शिवराज साहेब म्हणाले, "किरण, हे मदीच थांबायलंय कामून?"

किरण कॉम्प्युटरमध्ये बघत होता. त्यानं काही बटणं दाबली. परत दाबली. "सर, अप्पांच्या पट्ट्यातून घेताना मी हे काढलं होतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा हसू नव्हतं.

मला मागं वळून बघायचं नव्हतं. तरी बघितलं. टोळीतला एकही माणूस मशीनकडं बघत नव्हता. सगळे माझ्याकडं बघत होते.

खाजामियाँचे ओठ थांबले होते. हणमंत एक पाऊल पुढं आला. माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाला,

"अप्पा, ह्याचा बी बाप तुमचाच दिसायलाय!"

कुणी हसलं नाही. मशीननं दुसऱ्या पोत्यावर थाप मारली.